विकतच्या मॉड्यूलमध्ये राक्षसांची चित्रं एका साच्यात का नसतात? टोकन, बॅकग्राउंड, साइज सगळंच वेगवेगळं, काय करावं?

तळघरातला_डीएम
नमस्कार मंडळी, आमचा ग्रुप शनिवारी रात्री फाउंड्रीवर (ऑनलाइन मॅप-टोकनवर खेळायचं सॉफ्टवेअर) डी अँड डी ५ई, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळतो, दोघं पुण्यात, एक ठाण्यात आणि एक डॅलसला जिथे तेव्हा सकाळ असते. नवीन मोहीम सुरू करायची म्हणून एका छोट्या पब्लिशरचं मोठं अॅडव्हेंचर मॉड्यूल (गोष्ट, मॅप, राक्षस सगळं तयार असलेलं पॅकेज) घेतलं. नाव घेत नाही कारण लिखाण खरंच भारी आहे, मॅप सुंदर आहेत, भिंती दारं लाइटिंग सगळं लावून दिलंय, पैसे वसूल आहेत. पण क्रीचरची चित्रं बघून डोकं धरलं.

पहिल्याच सीनचं सांगतो. गॉब्लिनचं टोकन (मॅपवर सरकवायची सोंगटी) गोल आणि सोनेरी रिंगवालं. तो ज्या लांडग्यावर बसून येतो तो लांडगा पांढऱ्या चौकोनी डब्यात, म्हणजे अंधाऱ्या जंगलाच्या मॅपवर एक पांढरी लादी सरकत येतेय असं दिसतं. मागून ओग्र येतो, त्याला बॅकग्राउंड नाहीये ते बरंय, पण भोवती इतकी रिकामी जागा सोडलीय की २ बाय २ घरं अडवूनसुद्धा तो गॉब्लिनच्या मापाचाच दिसतो. पुढच्या सीनमधला वायव्हर्न वरून बघितल्यासारखा काढलाय आणि बाकी सगळे समोरून. आणि कळस म्हणजे गावात आजीबाई बनून फिरणारी एक हॅग (चेटकीण) आहे, तिच्या चित्राच्या खालीच तिचं खरं नाव छापलेलं आहे!! प्लेअरना चित्र दाखवलं की रहस्य खलास.

माझ्यासाठी हा नुसता दिसण्याचा विषय नाहीये. प्लेअर चित्र बघून ठरवतात की लढायचं का पळायचं, ओग्र ओग्रसारखा दिसलाच नाही तर त्यांनी चुकीचा निर्णय घेतला असं मी कुठल्या तोंडाने म्हणू. आता प्रश्न असा की हे सगळं एकेक उघडून हाताने नीट करायचं का बॅचमध्ये काही होतं, आणि केलं तरी मॉड्यूलचं अपडेट आलं की मेहनत पाण्यात जाणार का, आणि पब्लिशरला लिहिलं तर उपयोग होतो का. ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

पिक्सेलपांडू
मी छपाईच्या लेआउटचं काम करतो म्हणून हे असं का होतं ते सांगतो, कारण कळलं की दुरुस्ती सोपी जाते.

ही चित्रं बहुतेक वेळा आधी पुस्तकासाठी काढलेली असतात. पुस्तकात चित्राचं माप लेआउट ठरवतो. ड्रॅगनला पूर्ण पान मिळतं, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, ३०० डीपीआयला ते होतं २५५० बाय ३३०० पिक्सेल. गॉब्लिनला कॉलमच्या कोपऱ्यात दोन इंच मिळतात म्हणजे ६०० पिक्सेल. मग डिजिटल मॉड्यूल करणारा माणूस (बऱ्याचदा तो वेगळाच कोणी फ्रीलान्सर असतो) याच फाइल उचलतो, आणि त्याला मूळ लेयरवाल्या फाइल मिळाल्या नाहीत तर थेट पीडीएफमधून काढतो. पीडीएफ स्क्रीनसाठी एक्सपोर्ट केलेली असली तर रेझोल्यूशन आधीच उतरलेलं असतं. म्हणून एकाच मॉड्यूलमध्ये एक चित्र अवाढव्य आणि दुसरं धुरकट.

आता पांढऱ्या डब्याचं. छपाईत पांढरं बॅकग्राउंड कापत बसायची गरजच नसते, चित्र मल्टिप्लाय मोडवर ठेवलं की पांढरा भाग खालच्या पार्चमेंट टेक्श्चरमध्ये विरून जातो आणि पायाखालची मऊ सावलीसुद्धा छान बसते. पानावर ते एकदम स्वच्छ दिसतं. तीच फाइल मॅपवर टाकली की मल्टिप्लाय गेलं आणि उरला डबा. तुमच्या लांडग्याचं हेच झालंय. आणि रंग कुठे भडक, कुठे मळकट दिसत असतील तर ती फाइल सीएमवायके (छपाईच्या रंगांत) राहिलीय का बघा, ब्राउझरमध्ये ती नीट दिसेलच याची खात्री नसते, आधी एसआरजीबीमध्ये (स्क्रीनच्या रंगांत) कन्व्हर्ट करायला हवी.

दुरुस्ती करताना एक गोष्ट फार सांभाळा. इमेजमॅजिक किंवा जिंपमध्ये "सगळा पांढरा रंग काढ" असं करू नका. स्केलेटनचे दात आणि कवटीवरचा उजेड पण पांढराच असतो, तो पण उडतो, आणि मग टोकन मॅपवर ठेवलं की दातांच्या जागी फरशी दिसते. कोपऱ्यातून फ्लडफिल करा, म्हणजे चित्राच्या बाहेरचं सलग पांढरं तेवढंच जाईल. पायांच्या मधला किंवा कोपराच्या आतला बंद त्रिकोण राहतो, तो हाताने काढायचा. शिवाय कडेला एक फिकट झालर राहते, पांढऱ्या कागदावर ती कधीच दिसली नसती पण काळ्या गुहेत लगेच दिसते, तर मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. फोटोशॉप असेल तर डीफ्रिंज आहेच.

नागपूरची_विझार्ड
पांडूदादाने कारण छान सांगितलं, मी फाउंड्रीच्या बाजूचं सांगते.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की एका अॅक्टरला (फाउंड्रीतली पात्राची किंवा प्राण्याची नोंद) दोन चित्रं असतात, एक अॅक्टर शीटवरचं पोर्ट्रेट आणि दुसरं प्रोटोटाइप टोकनचं, म्हणजे मॅपवर नवीन टोकन ज्या नमुन्यावरून बनतं त्याचं. दोन्हींचं काम पूर्ण वेगळं आहे. पोर्ट्रेट प्लेअरना दाखवायला, ते उभं आडवं कसंही चालतं, त्यात वातावरण असावं, बॅकग्राउंड असलं तरी हरकत नाही. टोकन मात्र चौकोनी कॅनव्हासवर, पारदर्शक, आणि प्राणी कडेपर्यंत भरलेला हवा. ज्या मॉड्यूलमध्ये दोन्ही ठिकाणी एकच फाइल टाकलेली असते तिथेच हा सगळा गोंधळ होतो, तुमच्याकडे ओग्रचं नक्की हेच असणार, पोर्ट्रेटच टोकन म्हणून वापरलंय.

रिकाम्या जागेसाठी तातडीचा उपाय म्हणजे टोकनच्या अपिअरन्समध्ये स्केल वाढवा, १.४ वगैरे करून बघा, आज रात्री खेळायचं असेल तर तेवढ्यावर भागतं. पण कायमचा उपाय ट्रिम. इमेजमॅजिकला ट्रिम सांगितलं की ते भोवतीचा रिकामा भाग कापतं, मग लांब बाजू धरून ठरलेल्या मापात आणायचं, मग मधोमध ठेवून चौकोनी कॅनव्हास करायचा, आणि शेवटी वेबपीमध्ये सेव्ह. पूर्ण फोल्डरवर एकदम चालतं. एकच गोष्ट, भाला किंवा लांब शेपटी असलेले क्रीचर आपोआप छोटे होतात कारण ट्रिम भाल्याच्या टोकापर्यंत मोजतं, त्यांचे वेगळे काढून हाताने करा, भाला रिंगच्या बाहेर गेला तरी छानच दिसतो.

आता माप. लोक म्हणतात सगळे टोकन ४०० बाय ४०० करून टाका, मला ते पटत नाही. सारखं काय असायला हवं तर मॅपवरच्या एका घराला किती पिक्सेल ते. मी घराला २०० धरते, म्हणजे मीडियम २००, लार्ज २ बाय २ म्हणून ४००, ह्यूज ३ बाय ३ म्हणून ६००, गार्गॅन्चुअन ४ बाय ४ म्हणजे ८००. फाउंड्रीचा डिफॉल्ट ग्रिड १०० पिक्सेलचा असतो त्यामुळे दुप्पट झूम केलं तरी चित्र फुटत नाही. सगळे ४०० केले तर गॉब्लिनच्या नाकावरचा मस दिसतो आणि ड्रॅगन धुरकट, म्हणजे ज्याच्यासाठी लोक थांबून बघणार तोच खराब.

आणि खूप मोठी फाइल ठेवायचीच नाही, याचं कारण फाइलचा एमबी नाही. वेबपी डिस्कवर लहान असते पण ग्राफिक्स कार्डात गेली की उलगडते, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. पांडूदादाचं २५५० बाय ३३०० चं चित्र म्हणजे जवळजवळ ३४ एमबी, एकट्या टोकनचे! ८०० चा चौकोन घेतला तर अडीच एमबी. एकच गॉब्लिन दहादा ठेवला तर टेक्श्चर एकदाच लोड होतं, पण दहा वेगवेगळे क्रीचर असले की जुन्या लॅपटॉपवाल्या प्लेअरचा फॅन ओरडायला लागतो आणि मग तो बिचारा म्हणतो माझं नेट खराब आहे.

अपडेटचं, हे महत्त्वाचं. मॉड्यूलच्या फोल्डरमधल्या फाइल कधीच बदलू नका, नवीन व्हर्जन आलं की फोल्डर पूर्ण बदलतो आणि तुमचं सगळं जातं. कंपेंडियमचं (मॉड्यूलमधल्या तयार नोंदींचा साठा) कुलूप उघडून आत बदल केले तरी तेच. आपल्या डेटामध्ये वेगळा फोल्डर करा, सुधारलेली चित्रं तिथे ठेवा, आणि फक्त चित्राच्या फाइलचा रस्ता (पाथ) बदला. व्हर्जन १२ पासून कंपेंडियम आर्टचं मॅपिंग कोअरमध्येच आहे, छोटंसं स्वतःचं मॉड्यूल करून त्यात एक जेसॉन फाइल ठेवायची, कुठल्या कंपेंडियममधल्या कुठल्या अॅक्टरला कुठलं पोर्ट्रेट आणि कुठलं टोकन. मूळ मॉड्यूलला हातच लागत नाही.

एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. सीनवर आधीच ठेवलेल्या टोकनमध्ये चित्राचा रस्ता वेगळा साठवलेला असतो. प्रोटोटाइप बदललं तरी मॅपवरचा ओग्र जुनाच राहतो. तयार अॅडव्हेंचर इम्पोर्ट केलं की शेकड्याने टोकन आधीच मांडलेले येतात, ते एकेक ओढून परत ठेवू नका, छोटा मॅक्रो लिहून सीनवरच्या सगळ्या टोकनना त्यांच्या अॅक्टरच्या प्रोटोटाइपवरून चित्र आणि स्केल द्या. आणि अॅडव्हेंचर परत इम्पोर्ट केलं तर जुने अॅक्टर आणि सीन ओव्हरराइट होतात, आधी बॅकअप घ्या.

वीसबाजू
मला थोडं वेगळं वाटतं. आधी बघा की खरंच काय वेगळं आहे, फॉरमॅट का शैली. एक क्रीचर शाईच्या रेषांत आणि दुसरा जलरंगात असला तर तो दोष नाही, ती दोन चित्रकारांची दोन हातांची कामं आहेत आणि मला ती तशीच आवडतात. लोक सगळं एकसारखं करायच्या नादात सगळ्यांवर तोच फिल्टर मारतात आणि चांगल्या चित्राची वाट लावतात, ते कृपा करून नका करू. एकसारखं काय पाहिजे तर आकार, कडा, बॅकग्राउंड, आणि कुठून बघितलंय ते.

रिंगचा प्रश्न सोपा आहे. व्हर्जन १२ पासून डायनॅमिक टोकन रिंग कोअरमध्ये आहे. चित्रातच रिंग चिकटवायची गरज नाही, पारदर्शक सब्जेक्ट, म्हणजे नुसता प्राणी, दिला की रिंग सॉफ्टवेअर काढतं, रंग बदलता येतो, आणि सगळ्यांना एकच रिंग. तुमच्या गॉब्लिनसारखे रिंग चिकटलेले टोकन मात्र यात बसत नाहीत, रिंगच्या आत रिंग दिसते, त्यांच्यासाठी पोर्ट्रेटवरून नवीन कापावं लागेल.

वरून बघितलेले आणि समोरून बघितलेले मिसळू नका, हे मी ठासून सांगेन. वरून बघितलेलं टोकन फिरवता येतं, समोरचं फिरवलं की माणूस डोक्यावर उभा राहतो. एकच वायव्हर्न तसा असेल तर त्यालाच पोर्ट्रेटवरून समोरचा करा आणि सगळ्यांचं रोटेशन लॉक करून टाका. शंभर टोकनसाठी एक बदलणं केव्हाही स्वस्त.

आणि हॅगबद्दल. नाव छापलेला भाग कापाच, पण फाइलचं नावही बघा. हॅगचं टोकन हॅग नावाच्या फाइलमध्ये असेल तर ज्याला ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडता येतं त्याला ते दिसतं. आमच्या टेबलावर कोणी मुद्दाम बघत नाही पण तरी मी रहस्यवाल्या क्रीचरच्या फाइलला साधे नंबर देतो. आजीबाईचा अॅक्टरच वेगळा करा, नाव "म्हातारी", चित्र म्हातारीचं, आणि खरं रूप उघड झालं की टोकन बदला. मिमिकला (पेटीचं सोंग घेणारा राक्षस) पण हेच, आधी पेटी मग दात.

तळघरातला_डीएम
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. विझार्डताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं, ओग्रच्या दोन्ही ठिकाणी एकच फाइल आहे. ट्रिम करून टोकन वेगळं केलं तर एकदम अंगावर आला, घरं भरून. अजून एक विचारतो, हे नीट केलेलं फोल्डर मी इथे टाकलं तर बाकीच्यांचं काम वाचेल ना? हेच मॉड्यूल घेतलेले अजून दोन डीएम (खेळ चालवणारे) माझ्या ओळखीचे आहेत.

कागदावरचा_ड्रॅगन
थांबा, चित्रं टाकू नका. मी स्वतः छोटी मॉड्यूल बनवून विकतो म्हणून हे मनापासून सांगतोय. डी अँड डीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला तेव्हापासून लोकांचा समज झालाय की सगळंच मोकळं आहे, पण तिथे मोकळे झाले ते नियम आणि मजकूर. चित्रं त्यात नाहीत. चित्राचा हक्क चित्रकाराचा किंवा पब्लिशरचा, आणि पांढरं बॅकग्राउंड कापलं म्हणून तो तुमचा होत नाही. स्वतःच्या टेबलासाठी नीट करून वापरा, बाहेर नको. वाटायचंच असेल तर मॅपिंगची जेसॉन, मॅक्रो आणि कुठल्या क्रीचरला किती स्केल लावला त्याचा तक्ता वाटा. ज्याने मॉड्यूल विकत घेतलंय त्याच्याकडे मूळ चित्रं आहेतच, तो तुमच्या पद्धतीने स्वतः करेल.

पब्लिशरला मात्र जरूर लिहा. छोट्या पब्लिशरकडे लेखक, लेआउट आणि सपोर्ट हे दोन-तीन माणसांत चालतं, चित्रकारांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मापाच्या फाइल दिलेल्या असतात आणि मॉड्यूल बांधताना त्या एका ठिकाणी बसून कोणी बघितलेल्या नसतात. "आर्ट खराब आहे" असं लिहिलं तर त्या मेलवर काहीच करता येत नाही, आणि चित्रकाराचं मन दुखतं ते वेगळंच. माझ्याकडे अशी मेल येते तेव्हा मला काय लागतं ते सांगतो: अॅक्टरचं नाव, कुठल्या सीनवर, काय दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट, काय दिसायला हवं, आणि फाउंड्री व सिस्टिम दोन्हींचं व्हर्जन. लांडगा, जंगलाचा सीन, टोकनला पांढरं बॅकग्राउंड, पारदर्शक हवं. बस. अशा दहा ओळी एका मेलमध्ये आल्या की मी एका बैठकीत दुरुस्त करून टाकतो. हॅगचं सगळ्यात वर लिहा कारण त्याने गोष्टच फुटते, बाकीचं नंतर.

मी माझ्या मॉड्यूलसाठी आता चित्रकाराला काम देतानाच लिहून देतो की प्राणी वेगळ्या लेयरवर, सावली वेगळ्या लेयरवर, बॅकग्राउंड वेगळं, चित्रावर अक्षरं अजिबात नाहीत, आणि डोकं, हात, शस्त्र कॅनव्हासच्या कडेला कापलेलं नको. हे शेवटचं फार लोक विसरतात. पानावर अर्धा कापलेला ट्रोल भारी दिसतो, पण टोकन करायला गेलं की त्याला पायच नसतात आणि ते पाय कुठून आणणार. नंतर करायला सांगितलं तर वेगळे पैसे लागतात, सुरुवातीला सांगितलं तर बहुतेक जण आनंदाने करतात.

रात्रपाळी
मी फॅन्टसी ग्राउंड्सवर (फाउंड्रीसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) चालवतो, तिथेही हे दुखणं आहे, रूप वेगळं. जुनी मॉड्यूल उघडलीत तर एनपीसीचं (डीएम चालवतो त्या पात्राचं) चित्र वेगळ्या इमेज रेकॉर्डमध्ये आणि मजकुरात त्याची लिंक, नवीनमध्ये रेकॉर्डमध्येच चित्र. टोकन नसेल तर अक्षराचा टोकन, म्हणजे गोल चकतीवर नुसतं ओ. खरं सांगू का, मला तो ओ पांढऱ्या डब्यातल्या ओग्रपेक्षा बरा वाटतो. सगळेच अक्षरं असतील तर डोळा लगेच सरावतो. अर्धे अक्षरं आणि अर्धी चित्रं असली की प्लेअर म्हणतात चित्र असलेला महत्त्वाचा असणार, आणि दरवाज्यावरचा साधा पहारेकरी उगाच बॉस होऊन बसतो.

नागपूरची_विझार्ड
हे खरंय रात्रपाळी, आमच्याकडे पण प्लेअर चित्रावरून असंच ताडतात. म्हणून मी पहारेकऱ्यांना वाइल्डकार्ड लावते, एकाच फोल्डरमध्ये तीन-चार चेहरे ठेवायचे आणि रस्त्यात फाइलच्या नावाऐवजी तारका (*), मग प्रत्येक टोकन आपोआप वेगळा चेहरा घेतो. सगळ्यांना चेहरा आहे म्हटल्यावर कोणी एक उठून दिसत नाही.

तळघरातला_डीएम
ड्रॅगनदादा, बरं झालं वेळेत सांगितलंत, फोल्डर टाकत नाही. त्या दोन डीएमना मॅक्रो आणि स्केलचा तक्ता पाठवतो. पब्लिशरला तुम्ही सांगितलं तशी मेल केली, हॅग सगळ्यात वर. उत्तर आलं की चित्रकारांच्या मूळ लेयरवाल्या फाइल त्यांच्याकडे आहेत, हॅग आणि पांढरे डबे पुढच्या व्हर्जनमध्ये करतील, पूर्ण टोकन सेट नंतर. एवढ्या लवकर आणि इतकं नीट उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं.

आता शेवटचं एक. जर्नलमध्ये जी क्रीचरची चित्रं मजकुराशेजारी आहेत ती पण पांढऱ्या डब्यात आहेत. ती पण सगळी कापत बसू का?

पिक्सेलपांडू
नको नको, तिथे कापू नका. जर्नलचं पान फिकट पार्चमेंट रंगाचं असेल तर सीएसएसमध्ये त्या चित्रांना मिक्स ब्लेंड मोड मल्टिप्लाय द्या, पुस्तकात जे होतं तेच स्क्रीनवर होईल, पायाखालची सावलीसकट. एका ओळीचं काम आहे, तुमच्या त्या छोट्या मॉड्यूलमध्येच स्टाइलशीट ठेवा. फक्त कोणी प्लेअर डार्क थीम वापरत असेल तर त्याला चित्र काळंठिक्कर दिसेल, तेव्हा डार्कसाठी चित्रामागे पार्चमेंटच्या रंगाची पट्टी द्या, म्हणजे मल्टिप्लाय त्या पट्टीवर होईल. डॅलसवाल्याला विचारा तो कुठली थीम वापरतो.

तळघरातला_डीएम
विचारलं. डार्क. पट्टी लावतो.